लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला: तिथली रजा, घरातले नियम आणि राजकारण

पाचपाखाडी (ठाणे)

नमस्कार मंडळी. लेक-जावई न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतात. दोघंही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, दोघंही नोकरीत. पहिलंच बाळंतपण, तारीख २६ ऑक्टोबर २०२६. आम्ही दोघं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघणार आणि मार्चअखेर परतणार.

सामानाच्या याद्या पुष्कळ मिळाल्यात. जांभळी नाक्यावरून डिंक, खारीक, अळीव आणूनही झालं. अडलंय ते तिथल्या घराच्या रीतीभातीपाशी. इथे कायद्याने २६ आठवडे रजा मिळते. तिथे लेकीला नेमकी किती आणि ती देतं कोण, असं विचारलं की "कागद बघावे लागतील" म्हणते. शेक-शेगडी, धुरी, मोहरीची उशी, बाळगुटी यांतलं तिथे काय चालतं? जावई स्वभावाने शांत आहेत, पण नोकरीचा विषय निघाला की इतके धास्तावलेले का असतात? शिवाय नोव्हेंबरात तिथे निवडणूक, घरांसमोर पाट्या लागतात म्हणे. कुणाशी काय बोलावं आणि काय टाळावं?

किस्से नकोत, नेमकी माहिती हवी.

---

खारघर सेक्टर १२

ताई, आधी रजेचं बघू, कारण घरातलं बाकी सगळं वेळापत्रक त्यावर बसतं.

बाळंतपणाच्या पगारी रजेचा देशभर लागू असलेला कायदा अमेरिकेत नाहीच. आहे तो १९९३ चा फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्ट. १२ आठवडे, बिनपगारी, तेवढ्यापुरती नोकरी शाबूत. त्यालाही अटी आहेत: ७५ मैलांच्या आत कंपनीची किमान ५० माणसं, नोकरीला १२ महिने पूर्ण आणि गेल्या १२ महिन्यांत १,२५० तास काम. नोकरी नुकती बदलली असेल तर हा कायदा लागू होत नाही. म्हणून दोघांना पहिला प्रश्न विचारा तो रुजू झाल्याच्या तारखेचा.

तुमच्या लेकीचं नशीब एवढ्यासाठी चांगलं की ती न्यू जर्सीत आहे. त्या राज्यात पगारातून कापला जाणारा विमा आहे आणि एच-१बीवाल्यांचाही तो कापला जातो, म्हणून त्यांनाही तो मिळतो. त्याचे दोन भाग. पहिला टेम्पररी डिसॅबिलिटी, म्हणजे बाळंतपणामुळे आईला काम करता येत नाही त्या काळापुरता: साधारणपणे तारखेआधी ४ आठवडे, नंतर नॉर्मल बाळंतपणाला ६ आणि सिझेरियनला ८ आठवडे. दुसरा फॅमिली लीव्ह इन्शुरन्स: बाळासाठी सलग १२ आठवडे किंवा सुटे ५६ दिवस, बाळ वर्षाचं होईपर्यंत केव्हाही. हा दुसरा भाग बापालाही मिळतो, तितकाच. दोन्हींत सरासरी पगाराच्या ८५ टक्के मिळतात, पण वर मर्यादा आहे. आयटीतल्या पगाराला ती मर्यादा लगेच लागते, तेव्हा हातात ८५ टक्के येतील असं धरून हप्ते आखू नयेत.

लोक चुकतात ते इथे. राज्याच्या विम्याचे पैसे मिळाले म्हणजे नोकरीचीही हमी मिळाली असं धरू नका. हमी येते वरच्या केंद्रीय कायद्यातून आणि न्यू जर्सीच्या वेगळ्या फॅमिली लीव्ह ॲक्टमधून. केंद्राचे १२ आठवडे बाळंतपणाच्या आजारपणातच खर्ची पडू लागतात. राज्याचा कायदा आईच्या स्वतःच्या आजारपणाला धरतच नाही, त्याचे १२ आठवडे बाळासाठी वेगळे उरतात. म्हणून दोन्ही अर्ज वेगवेगळे करायचे आणि कंपनीला बाळासाठीच्या सलग रजेची ३० दिवस आधी लेखी सूचना द्यायची.

आता हिशेब. बाळ २६ ऑक्टोबरला, नॉर्मल झालं असं धरू. ६ अधिक १२, म्हणजे १८ आठवडे. लेक १ मार्च २०२७ च्या सोमवारी कामावर. तुम्ही मार्चअखेरपर्यंत आहातच, म्हणजे महिनाभर बाळ आजी-आजोबांकडे. जावयांनी बाळ आल्यावर दोनच आठवडे, म्हणजे कामाचे १० दिवस घेतले, तर ५६ मधले ४६ उरतात. ते २९ मार्चपासून लावले की मेअखेर येते. बाळ ७ महिन्यांचं होईपर्यंत पाळणाघराची गरज पडत नाही. जावयांची सगळी रजा पहिल्या महिन्यात, तुम्ही तिथे असताना, संपवणं ही या सगळ्यातली सर्वांत महाग चूक.

पाळणाघराचं नाव मात्र आत्ताच नोंदवायला सांगा. तिथे ६ आठवड्यांचं बाळही घेतात, पण न्यू जर्सीच्या नियमाने दीड वर्षाखालच्या दर ४ मुलांमागे एक माणूस लागतो. त्यामुळे लहान बाळांच्या जागा मोजक्या असतात आणि प्रतीक्षायादी महिनोन्‌महिने चालते.

---

मासुंदा (ठाणे)

घरातल्या रीतींचं मी लिहिते. जरा लांबेल.

बारशाची वाट बघता येणार नाही, हे आधी लक्षात घ्या. दवाखान्यातून निघण्याआधीच जन्मदाखल्याचा फॉर्म भरून घेतात आणि त्याच फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबरचा (तिथल्या सरकारी ओळख-क्रमांकाचा) अर्ज जातो. नाव कोरं ठेवलं की पुढे दुरुस्तीच्या खेपा. बारावा दिवस, पाळणा, घुगऱ्या सगळं हौसेने करा, पण नाव, मधलं नाव, आडनाव यांचं स्पेलिंग ऑक्टोबर लागायच्या आत कागदावर ठरलेलं हवं. आडनाव आईबापांच्या पासपोर्टप्रमाणेच ठेवा, नाहीतर पुढे ओसीआय कार्डाच्या (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीच्या कार्डाच्या) वेळी अडतं. मुलगा झाला तर सुंता करायची का असं तिथे सहज विचारतात. नको असेल तर स्पष्ट नाही म्हणायचं आणि संमतीच्या कागदावर सही करायची नाही.

मुक्काम छोटा असतो. १९९६ च्या कायद्याने विमा कंपनीला नॉर्मलला ४८ तास आणि सिझेरियनला ९६ तास द्यावेच लागतात. त्यानंतर घरी.

आणि घरी कसं? बाळाला मांडीवर घेऊन गाडीत बसता येत नाही, कार सीट लागतेच. मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. ती बसवायचा सराव दोन आठवडे आधी करा. सीट बसवून झाली की ज्या ठिकाणी गाडीचा पट्टा तिच्यातून जातो तिथे हाताने धरून हलवायची. एक इंचापेक्षा जास्त हलली तर सैल आहे. खांद्यावरचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघायला हवेत. छातीवरची चाप बगलेच्या उंचीला हवी. बहुतेक जण ती पोटावर ठेवतात आणि तेच चुकतं. पट्टा आवळल्यावर खांद्यापाशी दोन बोटांच्या चिमटीत त्याची चुणी धरून बघायची. चुणी आली तर अजून आवळायचा. थंडीत जाड कोट घालून पट्टा लावू नका. धक्का बसला की कोट दबतो आणि पट्टा ढिला पडतो. पातळ कपड्यावर पट्टा, आणि त्यावरून दुपटं. कुणी जुनी सीट देत असेल तर तिच्यावरची मुदत बघा. अपघात झालेल्या गाडीतली तर घेऊच नका.

झोपवणं. तिथले डॉक्टर ज्यावर सर्वांत कडक असतात ती ही गोष्ट. बाळ पाठीवर, कडक सपाट गादीवर, स्वतःच्या पाळण्यात, आईच्याच खोलीत. पाळण्यात दुसरं काही नाही. उशी नाही, गोधडी नाही, लोड नाही, खेळणं नाही. म्हणून मोहरीची उशी ठाण्यातच ठेवा. कुशीवर झोपवलं की डोकं गोल होतं हे तिथे बोलूच नका. १९९४ पासून तिथे पाठीवर झोपवण्याची मोहीम चालू आहे आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण त्यानंतर बरंच खाली आलं. झोळीही नको. तिरकी झोपवणारी साधनं आणि पाळण्याच्या कडेच्या गाद्या यांच्या विक्रीवर २०२२ च्या कायद्याने बंदी आली, कारण तिरक्या साधनात मान पुढे कलून बाळाची श्वासाची वाट दबते आणि कडेच्या गादीत नाक-तोंड दाबलं जाऊ शकतं. दुपट्यात गुंडाळणं चालतं, आपली मऊ सुती दुपटी भरपूर न्या. बाळ कुशीवर वळायची खटपट करू लागलं की गुंडाळणं बंद.

धुरी आणि शेगडी पूर्ण बंद. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीला फटी असतात, दार उघडं असतं. तिथलं घर थंडीसाठी सगळीकडून बंद केलेलं असतं आणि तुम्ही जाताय ते नेमकं हिवाळ्यात. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. ओवा-बाळंतशेपांच्या धुराने छतावरचा अलार्म वाजायला मिनिटही लागत नाही. काही इमारतींत त्यावर अग्निशमन दल येतं आणि सगळ्यांना खाली उतरावं लागतं. अलार्मला पिशवी बांधणं किंवा त्याचे सेल काढणं असलं काही करू नका. शेकाला रबरी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, फक्त बाळंतिणीच्या कमरेला. सिझेरियन असेल तर टाक्यांजवळ नाही. फोडणी देतानाही भान ठेवा: बऱ्याच स्वयंपाकघरांतला पंखा धूर बाहेर टाकत नाही, जाळीतून गाळून परत घरातच सोडतो. तेल धुराला येण्याआधी मोहरी टाका आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा.

न्हाऊ घालणं. तिथल्या न्हाणीघरात टबाबाहेरच्या फरशीला मोरीच नसते. पाट मांडून पायांवर बाळ घेऊन पाणी ओतलं तर ते लाकडी तळातून खालच्या मजल्याच्या छतावर उतरतं. नाळ पडेपर्यंत ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. नंतर टबाच्या आत रबरी चटई टाकून बसायचं, किंवा बाळाचा छोटा टब वापरायचा. तेल लावून मालीश चालतं, पण तेलाने टब घसरडा होतो. म्हणून मालीश खोलीत, तेल फडक्याने टिपायचं, मग टब. तिथे मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर "फक्त बाहेरून लावण्यासाठी" असं छापलेलं दिसेल, घाबरू नका. खोबरेल उत्तम.

बाळाच्या तोंडात काय जातं यावर वाद घालू नका. मध वर्षभर नाही, चाटवण्यापुरताही नाही. त्यात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याचं आतडं त्यांना अडवू शकत नाही. वरचं पाणी ६ महिने नाही. बाळगुटीतल्या वेखंडाला अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत बंदी आहे. काजळात शिसं सापडल्यामुळे तेही नको. डोळ्यात तर नाहीच, तीट म्हणूनही नाही. कोवळं ऊन दाखवायची आपली पद्धत तिथल्या नोव्हेंबरात चालत नाही, काचेतून आलेल्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला डॉक्टर रोज ४०० युनिटचे थेंब सांगतात.

एक आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा: १००.४ फॅरनहाइट. ३ महिन्यांखालच्या बाळाला एवढा ताप म्हणजे रात्री दोन वाजलेले असले तरी डॉक्टरांना फोन, आणि तोवर औषध द्यायचं नाही.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी बाळंतिणीला खुशाल द्या. विमानतळावर खाण्याचं सगळं जाहीर करायचं, लपवलेलं सापडलं तर दंड होतो. भस्म घातलेले काढे-गोळ्या नेऊ नका.

जाण्याआधी तुम्ही दोघांनी डांग्या खोकल्याची टीडॅप लस आणि फ्लूची लस घ्या, बाळाला हात लावण्याच्या किमान दोन आठवडे आधी. दोन्ही ठाण्यात मिळतात.

---

पाचपाखाडी (ठाणे)

मासुंदाताई, सगळं वाचून आधी थोडं वाईट वाटलं. उशी मी स्वतः शिवलीय. मग आपण तिथे करायचं तरी काय? लेक म्हणते "आई, तू फक्त ये." दवाखान्यात डॉक्टरांशी मला बोलता येईल ना? आणि जावयांच्या धास्तीचं अजून कुणी लिहिलं नाही.

---

मासुंदा (ठाणे)

डॉक्टर तुमच्याशी बोलणार नाहीत, जोवर लेक "आईसमोर बोला" असं सांगत नाही. तिथल्या कायद्याने रुग्णाची माहिती रुग्णाची, आईबापांनाही परवानगीशिवाय देत नाहीत. लेकीला आधीच तसं सांगून ठेवायला सांगा. बाळाच्या पायात पट्टा असतो, तो दाराजवळ गेला तरी घंटा वाजते. बाळाला घेऊन कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारू नका.

करण्यासारखं भरपूर आहे, ताई. तिथे घरात तिसरं माणूस नसतं. पोळ्यावाली नाही, मालीशवाली नाही, शेजारच्या काकू नाहीत. रात्री दर दोन-तीन तासांनी पाजायचं आणि सकाळी धुणं, भांडी, कचरा, सगळं त्या दोघांवर. रात्री अडीचच्या पाजण्यानंतर ढेकर काढून बाळ झोपवायचं काम तुमच्याकडे घ्या. लेकीला सलग चार तास झोप मिळाली तर त्यासारखं बाळंतपण नाही. तिच्या झोपेकडे आणि डोळ्यांतल्या पाण्याकडे लक्ष ठेवा. बाळंतपणानंतरच्या नैराश्याची तपासणी कायद्याने सक्तीची करणारं न्यू जर्सी हे पहिलं राज्य, २००६ साली. डॉक्टर छोटी प्रश्नावली देतील. तिथे "सगळं छान आहे" असं लिहायला तिला सांगू नका, खरं लिहू द्या. दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, बाळाकडे बघवत नसेल, तर १-८३३-८५२-६२६२ हा आयांसाठीचा मोफत नंबर चोवीस तास चालतो.

---

नेरुळ पूर्व

जावयांच्या धास्तीचं मूळ त्यांच्या स्वभावात नाही, तिथल्या व्यवस्थेत आहे.

अमेरिकेत नोकरदार घराचा आरोग्यविमा नोकरीला बांधलेला असतो. ही गाठ दुसऱ्या महायुद्धातली. १९४२ साली सरकारने पगारवाढ गोठवली तेव्हा माणसं टिकवायला कंपन्यांनी विमा देऊ केला, आणि १९५४ च्या करकायद्याने त्यावरची करसवलत पक्की केली. तेव्हापासून नोकरी गेली की विमाही जातो. १९८५ च्या कोब्रा कायद्याखाली साधारण १८ महिने तोच विमा चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा. एच-१बीवाल्याचं आणखी अवघड, कारण नोकरी सुटल्यावर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. पगार, विमा आणि देशात राहण्याचा हक्क, तिन्ही एका खुंटीला टांगलेले. बाळंतपणाच्या आसपास माणूस त्या खुंटीला हातही लावायला बघत नाही. जावई नोकरीबाबत इतके जपून असतात त्यामागे हे आहे. त्यांना धीर द्या, पण "एवढं काय घाबरायचं" असं म्हणू नका.

या घरात करायची कामं: बाळाचं नाव विम्यात ३० दिवसांच्या आत घालायचं. मुदतीत घातलं तर जन्माच्या दिवसापासून धरतात. ३० दिवस उलटले तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागतं आणि मधली सगळी बिलं घरच्यांच्या खिशातून. आई-बाप दोघांचे विमे असतील तर कुठला चांगला हे आत्ताच ठरवा. जन्मानंतरच्या त्या धावपळीत ते होत नाही.

पोस्टाने कागद येतील, त्यावर लिहिलेलं असेल "हे बिल नाही". तो विमा कंपनीचा हिशेब. त्यावर पैसे भरायचे नाहीत, खरं बिल दवाखान्याकडून येईपर्यंत जपून ठेवायचा आणि दोन्हींतले आकडे जुळवायचे. आईचं आणि बाळाचं बिल वेगळं येतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं तिसरं. आकडा मोठा वाटला तर बाबवार बिल मागायचं, ते द्यावं लागतं. बऱ्याच विम्यांत वर्षाचं खातं १ जानेवारीला नव्याने सुरू होतं. लेकीचं काही राहिलेलं उपचारकाम असेल तर ते डिसेंबरात उरका, जानेवारीत आधी पुन्हा स्वतःचे पैसे भरावे लागतात. बाळाच्या नेहमीच्या तपासण्या आणि लसी यांना हे लागू नाही, त्या विम्यात मोफत असतात. दूध काढायचं यंत्रही २०१० च्या आरोग्य कायद्याने विम्यातून मिळतं, विकत घेऊ नका. कामावर गेल्यावर दूध काढायला वेळ आणि बाथरूम नसलेली, आडोशाची जागा देणं वर्षभर बंधनकारक आहे.

पाळणाघराचा खर्च करमुक्त खात्यातून करता येतो. त्याची मर्यादा २०२६ पासून ५,००० वरून ७,५०० डॉलर झाली. बाळाच्या जन्माने हे खातंही उघडता येतं.

श्रीमंत देशात हे असं का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. प्रयत्न झाले नाहीत असं नाही. महायुद्धात बाया कारखान्यांत गेल्या तेव्हा सरकारने पैसे देऊन पाळणाघरं चालवली, युद्ध संपल्यावर १९४६ पर्यंत ती बंद केली. १९७१ मध्ये देशभर पाळणाघरांचा कायदा काँग्रेसने (प्रतिनिधीगृह आणि सिनेट मिळून तिथली संसद) मंजूर केला, अध्यक्ष निक्सन यांनी तो नाकारला. मुलं वाढवणं हे सरकारचं नव्हे, कुटुंबाचं काम, हा त्यातला मुख्य मुद्दा. बिनपगारी रजेचं विधेयकसुद्धा थोरल्या बुश यांनी दोनदा परत पाठवलं. क्लिंटन आल्यावर ५ फेब्रुवारी १९९३ ला त्यांनी सही केलेला तो पहिला कायदा. २०२१ मध्ये ४ आठवड्यांची पगारी रजा प्रतिनिधीगृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडकली. ऑक्टोबर २०२० पासून केंद्र सरकारच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना मात्र १२ आठवडे पगारी मिळतात. घर हे सरकारने हात घालायचं ठिकाण आहे का, हा तिथल्या राजकारणातला फार जुना वाद आहे, आणि तुमच्या लेकीच्या रजेचे आठवडे त्या वादातूनच ठरलेत.

---

घणसोली

निवडणुकीचं. मतदान ३ नोव्हेंबर २०२६, मंगळवार. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा नियम. अध्यक्षाची निवडणूक नाही, त्याच्या मुदतीच्या मध्यावर ठरलेली मध्यावधी आहे: प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश, त्यात न्यू जर्सीची एक. न्यू जर्सीचा गव्हर्नर विषम वर्षात निवडतात, ती निवडणूक २०२५ मध्ये झाली. तेव्हा यंदाच्या पाट्यांवर बरीच नावं गावपातळीची असतील: टाउनशिप कौन्सिल (गावाची), काउंटी (जिल्ह्यासारखी), स्कूल बोर्ड (सरकारी शाळांचं मंडळ).

स्कूल बोर्डाला लहान समजू नका. तिथे सरकारी शाळा बारावीपर्यंत फुकट, पण तिचा मोठा खर्च घरांवरच्या करातून निघतो. न्यू जर्सीत हा कर देशात सर्वांत जास्त, सरासरी घराला वर्षाला १०,००० डॉलरच्या आसपास. चांगली शाळा म्हणजे महाग घर, महाग घर म्हणजे जास्त कर, आणि तो कर किती हे ठरवण्यात त्या बोर्डाचा हात. मुलं शाळेत नसलेले म्हातारे शेजारी कर कमी करा म्हणतात, तरुण जोडपी शिक्षक वाढवा म्हणतात. तिथल्या शेजारात खरी कटुता बहुधा या विषयावरून येते.

पाटीवरून "तुमचं मत कुणाला?" असं विचारणं तिथे पगार विचारण्याइतकं आगाऊपणाचं. पाटी पडलेली दिसली तरी उचलू नका, फेकू नका. दारावर प्रचारक आले तर "आम्ही पाहुणे आहोत" एवढं पुरे.

लेक-जावयांसाठी दोन सावधगिऱ्या. वाहन परवान्याच्या कार्यालयात मतदारनोंदणीचा प्रश्न येतो. नागरिक नसताना तिथे "हो" ची खूण झाली तर पुढे ग्रीन कार्ड-नागरिकत्वाच्या वेळी ती चूक फार महागात पडते. दुसरं म्हणजे कुणा भारतीय वंशाच्या उमेदवाराच्या कार्यक्रमाला देवळातल्या ओळखीने बोलावतील. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाने निवडणूक निधीला एक डॉलरही द्यायचा नाही, तो गुन्हा आहे. तुम्हालाही हे लागू. बिनपैशाने खुर्च्या मांडायला गेलात तर चालतं.

जन्माने नागरिकत्वावर घरात बोलणं निघेलच. ते १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतून येतं. तात्पुरत्या व्हिसावरच्यांच्या मुलांना वगळणारा आदेश २० जानेवारी २०२५ ला निघाला, न्यायालयांनी तो अडवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. यावर नातलगांच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका, कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला दोघांनी सप्टेंबरात एक मेल टाकावी.

मुलांच्या बाबतीत शेजारी गप्प राहत नाहीत, हेही सांगतो. न्यू जर्सीत मुलाला इजा किंवा हेळसांड होतेय असा रास्त संशय आला तर कळवणं प्रत्येक माणसावर बंधनकारक आहे, फक्त शिक्षक-डॉक्टरांवर नाही. म्हणून "दोनच मिनिटं" म्हणून बाळ गाडीत ठेवून दुकानात जायचं नाही, इंजिन चालू असो वा बंद. बाळ घरात झोपलंय आणि दोघं आजी-आजोबा खाली फिरायला, हेही नाही.

आणि "तिकडे मुलं अठराव्या वर्षी घर सोडतात" हे जरा तपासून बोलावं. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या पाहणीत २०२१ मध्ये अमेरिकेतली १८ टक्के माणसं अनेक पिढ्यांच्या घरात राहत होती. शेजारच्या अमेरिकन आजीही नातवंडं सांभाळत असतात. त्यांच्याशी गट्टी जमवायला यासारखा विषय नाही.

---

वाघबीळ (घोडबंदर रोड)

तुमच्या दोघांपुरतं थोडं.

व्हिसा १० वर्षांचा असला तरी मुक्काम किती, ते आय-९४ (देशात शिरल्याची सरकारी नोंद) वरची तारीख ठरवते. बहुधा ६ महिने मिळतात, पण उतरल्यावर त्याच आठवड्यात संकेतस्थळावर काढून बघा आणि छापून ठेवा. परतीचं तिकीट त्या तारखेच्या आत हवं. अधिकाऱ्याने विचारलं तर जे खरं ते सांगा: लेकीकडे चाललोय, नात-नातू बघायला, परत अमुक तारखेला. पाहुण्याच्या व्हिसावर काम करता येत नाही, म्हणून ओळखीतल्या दुसऱ्या कुणाचं बाळ पैसे घेऊन सांभाळायचं मनातही आणू नका.

प्रवासविमा घेताना ठरावीक रकमेचा स्वस्त प्रकार टाळा. त्यात दवाखान्याच्या एका दिवसाला अमुकच डॉलर देतात आणि तिथलं बिल त्याच्या कितीतरी पट असतं. सर्वसमावेशक घ्या. बीपी-शुगर असेल तर जुन्या आजाराच्या अचानक उद्भवलेल्या त्रासाला काय मर्यादा आहे ते कलम वाचा. औषधं मुक्कामभराची, मूळ वेष्टनात, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव. पॅरासिटामॉलला तिथे ॲसिटामिनोफेन म्हणतात. ताप-खोकल्याला अर्जंट केअर (वेळ न घेता जायचा छोटा दवाखाना), छातीत दुखलं तर ९११ हा आणीबाणीचा नंबर. इमर्जन्सीत पैसे नाहीत म्हणून परत पाठवत नाहीत, १९८६ चा कायदा आहे, पण बिल मागाहून येतंच.

तिथल्या फोनवरून भारतात लावताना ०११-९१ असं फिरवायचं असतं. सुरुवातीचं ०११ राहिलं आणि ९१ नंतर एक जास्त दाबला गेला की तो ९११ होतो. लागलाच तर फोन ठेवून देऊ नका. "चुकून लागला" असं सांगा, नाहीतर ते उलट फोन करतात आणि पोलीस दारात येतात.

१ नोव्हेंबरला घड्याळ एक तास मागे जाईल. तोवर ठाणे साडेनऊ तास पुढे, नंतर साडेदहा. ३१ ऑक्टोबरला हॅलोविन, दारात मुलं येतील, वेष्टनातल्या गोळ्या एका वाडग्यात ठेवा. २६ नोव्हेंबरच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, बाळाच्या डॉक्टरांचा दवाखानाही बंद असतो.

---

पाचपाखाडी (ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. उशी घरीच ठेवतेय. दुपट्यांची संख्या वाढवली. जावयांना ४६ दिवसांचा हिशेब पाठवला, त्यांनी आजच कंपनीत विचारलं. एकच राहिलं: अळीव-मेथी दळायला इथला मिक्सर नेऊ का?

---

वाघबीळ (घोडबंदर रोड)

नको. तिथे वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपला २३० व्होल्टचा मिक्सर सावकाश फिरतो, कोरडं दळताना अडकतो. ७५० वॉटच्या मिक्सरला पेलेल असा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग पडतो. एडिसन-इसेलिनच्या ओक ट्री रोडवर तिथल्या विजेवर चालणारे भारतीय मिक्सर मिळतात. कुकर न्या, पण आधी लेकीला विचारा की शेगडी गॅसची आहे, कॉइलची की इंडक्शनची. इंडक्शन असेल तर तळाला लोहचुंबक चिकटतंय का ते दुकानातच बघून घ्या. शिट्टी आणि गास्केट जास्तीची दोन घ्या.